सावलीचा होकार

तक्षशीला मेश्रामचं अभिनंदन झालं तेव्हा ती शिडीवर उभी होती. पवनीच्या आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडच्या पोरांना ती जंक्शन बॉक्स उघडून दाखवत होती. एका हातात पेचकस, दुसऱ्या हातात टेस्टर, ओठांत दोन स्क्रू. तेवढ्यात खिशातला फोन आपणहून गोड आवाजात बोलायला लागला.

"अभिनंदन, तक्षशीलाताई. 'अंकुर' चाचणीत आपला सहभाग निश्चित झाला आहे. पूर्वतयारीची पहिली मात्रा सोमवारी देण्यात आली. मुख्य मात्रा पुढच्या गुरुवारी. आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल आम्ही आपले आभारी आहोत."

खाली उभ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमना काहीतरी बक्षीस लागलं, एवढाच अर्थ त्यांनी लावला आणि पेढे मागितले. तक्षशीला सावकाश खाली उतरली. आपण हा विश्वास दाखवला कधी, हे तिला काही केल्या आठवेना. सोमवारी ती 'लालपेशी'त गेली होती खरी. भंडारा रोडवरच्या त्या संशोधन केंद्राचं खरं नाव लांबलचक होतं, पण सगळा जिल्हा त्याला लालपेशीच म्हणायचा. तिथे ती नेमानं जायची, सलाइन लावून घ्यायची, रक्त तपासून घ्यायची आणि घरी यायची. या खेपेला आल्यापासून पाठीत आणि मांड्यांच्या हाडांत आतून ठणका लागला होता. तिनं तो मनावर घेतला नव्हता. सिकलसेल घेऊन जन्मलेल्या बाईला हाडं दुखल्याचं नवल वाटत नाही.

तिनं धाकट्या भावाला फोन लावला. नागसेन लालपेशीतच शास्त्रज्ञ होता, आणि गेल्या वर्षभरात त्याचा फोटो दोन वेळा वर्तमानपत्रात छापून आला होता.

"बाबू, सोमवारी मले काय टोचलं?"

एरवी व्यासपीठावरून तासभर न अडखळता बोलणारा हा माणूस अडखळला.

"ताई, मी संध्याकाळी घरी येतो."

"येशीलच. आत्ता सांग."

"पूर्वतयारीचं इंजेक्शन होतं. त्यात काही धोका नाही."

"मी हो कधी म्हटलं?"

"तू नाही, ताई. तुझ्या सावलीनं म्हटलं."

आता या दोन गोष्टी, अंकुर आणि सावली, नीट समजून घ्यायला हव्यात, कारण पुढचा सगळा घोळ त्यांचाच आहे.

सिकलसेल म्हणजे काय हे भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात एवढंच, की रक्तातली लाल पेशी गोल आणि मऊ असते, अरुंदातल्या अरुंद वाहिनीतून ती अंग चोरून निघून जाते. या आजारात हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एकच अक्षर चुकलेलं असतं. प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकते, ताठ होते आणि वाहिनीत अडकते. जिथे अडकते तिथलं रक्त थांबतं आणि तिथलं हाड किंचाळायला लागतं. गंमत अशी, की आईच्या पोटात असताना आपल्या प्रत्येकाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि त्यात ही चूक नसते. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर त्याचं बटण बंद करतं. अंकुर हा ते बटण पुन्हा चालू करायचा उपाय होता. चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत भरलेली रेणूंची कात्री सलाइनमधून आत सोडायची. ती हाडांच्या मगजात पोचते आणि 'बंद' म्हणणारा जनुकाचा तुकडा तोडून टाकते. मगज बाहेर काढायला नको, जाळायला नको. पण तोडलेलं पुन्हा जोडता येत नाही. कात्री भलत्याच ठिकाणी चालली तर दहा वर्षांनी त्यातून काय निघेल, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. म्हणून तर ती चाचणी होती, उपचार नव्हता.

चाचणी म्हटली की माणसं लागतात, आणि माणसांची संमती लागते. समजून, उमजून, स्वखुशीनं दिलेली. तिथेच गाडी रुतायची. माहितीपत्रकं जाडजूड, समजावून सांगायला माणसं अपुरी, रोगी थकलेला, नातेवाईक घाबरलेले. संमतीची वाट बघता बघता रोगी दगावल्याची उदाहरणं होती, आणि ती खोटी नव्हती. नागसेननं यावर उतारा शोधला. माणसाचा रेकॉर्ड केलेला आवाज, त्याचे निरोप, त्यानं आजवर कशाकशाला हो म्हटलं आणि कशाला नाही, हे सगळं एका यंत्राला शिकवायचं. मग ते यंत्र त्या माणसासारखं उत्तर देतं. आपला किराणावाला नाही का, आपण दुकानात पाऊल टाकायच्या आत आपली चहापत्ती काढून ठेवत? तसंच, फक्त फार खोलवर. यंत्राला आधी आणि माणसाला नंतर विचारून पाहिलं तर शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा उत्तर एकच आलं. मग वरून परवानगी आली: जिथे यंत्राला इतकी खात्री असेल तिथे माणसाला विचारत बसू नका, नंतर कळवा. सरकारी भाषेला बारशाची फार हौस. तिनं याचं नाव ठेवलं 'अनुमानित संमती'. लालपेशीतले लोक यंत्राला नुसतं सावली म्हणायचे.

पहिली सावली नागसेननं काढली ती तक्षशीलेची. लालपेशीतल्या रेकॉर्डिंगमध्ये तिचा आवाज हवा तेवढा होता.

संध्याकाळी तो आला, हातात संत्रा बर्फीचा डबा घेऊन. तक्षशीलेनं डबा उघडलाही नाही.

"तू मले विचारलं काऊन नाही?"

"ताई, जागा भरून राहिल्या होत्या. थोड्याच होत्या. तुझं नाव आत बसवायचं होतं मले." तो खुर्चीत पुढे सरकला. "तू खरं सांग. विचारलं असतं तर हो नसतं म्हटलं?"

तिनं प्रामाणिकपणे विचार केला. "म्हटलं असतं. बहुतेक."

"मग?"

"मग विचारायचं होतं ना."

"मागच्या हिवाळ्यात तुझ्या छातीत रक्त अडकलं तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो," नागसेनचा आवाज फाटला. "डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मी माणसाच्या मेंदूचा अंदाज बांधतो, ताई, अन् माझ्या बहिणीचा श्वास पुढच्या घटकेला चालेल का नाही ते मले सांगता येत नव्हतं. ते पुन्हा नको होतं मले. बस."

तो रडत होता. तक्षशीलेला त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला आणि त्याच वेळी त्याच्या थोबाडीत द्यावीशीही वाटली. दोन्ही खरं होतं. त्याचं प्रेम तिला ठाऊक होतं. पण या घरातलं प्रेम नेहमी असंच वागत आलं होतं. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा बाबांना अर्धांगवायू झाला. घरी कुणीतरी राहायला हवं होतं. नागसेन बारावीत, हुशार. बाबा वाकड्या तोंडानं मायला म्हणाले, "तक्षीले काय विचारायचं? ती हो म्हणतेच." आणि ती राहिली. तिचं लग्न मोडलं ते तिला न विचारता, मागचं शेत विकलं तेही तिला न विचारता. प्रत्येक वेळी घरातल्या सगळ्यांना तिचं उत्तर आधीच माहीत होतं. भावानं नवीन काही शोधलं नव्हतं. घरची रीत उचलून त्यानं यंत्रात भरली होती आणि वर तिचं पेटंट घेतलं होतं.

"दाखव मले ती," ती म्हणाली.

"काय?"

"माझी सावली. बोलते म्हणतोस ना? बोलव तिले."

नागसेननं नाइलाजानं लॅपटॉप उघडला. आधी त्यानं अंकुरची माहिती वाचून दाखवली, मग विचारलं, तुम्ही सहभागी व्हाल का? क्षणभरात खोलीत तक्षशीलेचा आवाज उमटला. तोच थोडा घोगरा सूर, तोच शब्दांच्या शेवटी श्वास सोडायचा ढंग.

"हाव जी, तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही सांगता तर बरोबरच असंन."

 आवाज तिचाच होता, त्यात शंका नव्हती. पण पोरांना दम देताना ती या आवाजात बोलत नसे. बाजारात नाही, शेजाऱ्यांशी भांडताना नाही, भावाशी तर नाहीच. हा तिचा एकाच जागचा आवाज होता. कॉटवर पडलेलं असताना, हाडांत आग लागलेली असताना, पायाशी कागद घेऊन उभी असलेली सिस्टर म्हणते, "ताई, एवढी सही करा, मग लगेच बाटली लावते." तेव्हा निघणारा आवाज. आजवर लालपेशीत जितके अभ्यास झाले, त्या सगळ्यांना तिनं याच आवाजात हो म्हटलं होतं. सही आणि बाटली यांचा काही संबंध नाही, असं कागदावर छापलेलं असायचं. पण ते वाचायला मान उचलावी लागायची, आणि तेव्हा मान उचलत नसे.

"बंद कर," ती म्हणाली. "ही मी नाही. ही माझी भीती आहे."

"ताई, डेटा..."

"डेटा कुठून आणला? दवाखान्यातून. दवाखान्यात झोपलेलं माणूस डॉक्टरले नाही म्हणते का कधी? तुम्ही आम्हाले पाडून विचारलं, आम्ही हो म्हटलं. आता त्या होकारांवर यंत्र पढवलं अन् म्हणता, हे लोक होच म्हणतात." ती उठून उभी राहिली. मांडीतून कळ गेली, तरी उभी राहिली. "पोरांना मी पहिल्या दिवशी शिकवते. लाइन बंद आहे असं कोणी सांगितलं तरी तारेले हात लावायचा नाही. आधी टेस्टर लावायचा. तुम्ही टेस्टरच फेकून दिला."

"मग काय करणार आहेस?"

"तक्रार. तुमच्या त्या नैतिकता समितीकडे."

नागसेनचा चेहरा उतरला. चाचणीतल्या माणसानं तक्रार केली तर पुढची मात्रा द्यायच्या आधी समितीनं ती ऐकायलाच हवी, असा नियम होता, आणि सुनावणी म्हणजे सगळं खोळंबणं. "तुझी जागा जाईल, ताई. पुन्हा मिळेल का नाही सांगता येत नाही. तुझी तब्येत अशी..."

"माझी तब्येत माझी आहे," तक्षशीला म्हणाली. "तेवढी तरी राहू दे."

बुधवारी सुनावणी झाली. लांब टेबल, गार हवा, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. समितीत पाच जण. अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश उमाळकर, पांढऱ्या भुवयांचे, शिस्तीचे. एका बाजूला केंद्राच्या संचालक डॉ. अरुंधती बोबडे बसल्या होत्या, त्यांच्याशेजारी लॅपटॉप घेऊन नागसेन. त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही.

डॉ. बोबडे वाईट बाई नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांनी याच जिल्ह्यात उमेदीची वर्षं घालवली होती आणि मेलेल्या मुलांची नावं त्यांना अजून पाठ होती. त्या शांतपणे बोलल्या. "आपण संमतीचं कौतुक करतो, पण ती मिळवायला लागतो तेवढ्या वेळात माणसं हातची जातात. सावली कुणावर जबरदस्ती करत नाही. माणूस जे म्हणणारच आहे ते ती जरा आधी सांगते. तक्षशीलाताईंनी स्वतः मान्य केलंय की विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या."

"हे खरं आहे?" उमाळकरांनी विचारलं.

"मी बहुतेक म्हटलं होतं, साहेब. अन् ते मी माझ्या भावाले घरी म्हटलं होतं." तक्षशीलेनं नागसेनकडे बघितलं. तो आणखी खाली वाकला. "आता मी तुमच्यासमोर सांगते. माझा नकार आहे. मले गुरुवारी काही टोचायचं नाही."

आता प्रश्न मिटला, असं तिला वाटलं. कुणालाही वाटलं असतं. पण डॉ. बोबडे किंचित हसल्या, समजुतीनं, आणि त्यांनी भिंतीवर एक आलेख लावला. वर जाणारी निळी रेघ मध्ये एका जागी खाली बुडाली होती आणि पुन्हा चढली होती.

"हा नकार आमच्या हिशेबात होता," त्या म्हणाल्या. "न विचारता घेतलं म्हणून राग येणं स्वाभाविक आहे. सावलीनं तोही सांगितला होता. पहिल्या काही दिवसांत नकार, समितीकडे तक्रार, आणि दुखणं वाढलं की होकार. खात्री पुन्हा सत्त्याण्णवच्या वर. या क्षणिक नकारामुळे त्यांची जागा गेली तर पुढे त्यांनाच पश्चात्ताप होईल. आम्ही त्यांच्या खऱ्या इच्छेचं रक्षण करतो आहोत."

 आजवर तिला विचारलं नव्हतं, हा एक अन्याय. पण आता तिनं न विचारता तोंड उघडलं होतं, स्पष्ट, पाच जणांसमोर, तरीही तो नकार नव्हता. ती निळ्या रेघेतली एक घळ होती. ती ओरडली असती तर तो आलेखातला राग ठरला असता, गप्प बसली असती तर खरी इच्छा. असल्या शहाणपणाची चीड आल्याशिवाय राहत नाही, आणि तक्षशीलेला तर ती मुळातच भरपूर यायची. ती खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा."

"तुमची सावली काढली आहे का?"

उमाळकरांना प्रश्न कळला नाही. "माझी कशाला?"

"तुमच्या बैठका रेकॉर्ड होतात. तुमचा आवाज यांच्याकडे वर्षानुवर्षं आहे. तुम्ही कशाले मंजुरी दिली अन् कशाले नाही, सगळं आहे." ती भावाकडे वळली. "नागसेन, या पाच जणांच्या सावल्या काढल्या का रे?"

 डॉ. बोबडेंनी नागसेनच्या मनगटावर हळूच बोट टेकवलं. त्यानं त्या बोटाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. त्याची नोकरी, त्याचं यंत्र, वर्तमानपत्रातले ते दोन फोटो, सगळं त्या टेबलावर होतं. लहानपणी ताईनं डोळ्यांत बघून विचारलं की त्याला खोटं बोलता यायचं नाही. ते अजून तसंच होतं.

"हो," तो म्हणाला. "काढल्या."

"कशासाठी?" उमाळकरांचा आवाज खाली आला. आयुष्यभर कोर्टात बसलेला माणूस रागावला की आवाज चढवत नाही.

"आज निकाल काय लागेल ते बघायला, सर. अनुमानित संमती कायम राहील असं दिसलं. चार विरुद्ध एक."

"विरोधात कोण?"

नागसेननं लॅपटॉप मिटला. "तुम्ही नाही, सर."

"मी या विषयावर अजून एक शब्द बोललेलो नाही."

"त्याची गरज नव्हती, सर."

हे तो उद्धटपणानं म्हणाला नाही. सवयीनं म्हणाला, कामातलं नेहमीचं वाक्य असावं तसं. पण त्या वाक्यानं टेबलाभोवतीची पाचही माणसं खुर्च्यांत ताठ झाली. समितीतल्या वकीलबाईंनी समोरची पाण्याची बाटली लांब सरकवली. नागपूरहून आलेले वयस्कर डॉक्टर पुटपुटले, "हे काय चाललंय?" मघापर्यंत निळी रेघ त्यांना पटत होती. स्वतः त्या रेघेत असल्याचं कळलं तेव्हा ती गळ्याभोवती आली.

"मग तुम्ही आज इथं आले कशाले, साहेब?" तक्षशीला म्हणाली.  "घरी जा. तुमचा निकाल लागला. तुम्ही चिडले तर मॅडम म्हणतील, तो राग हिशेबात होता. विरोधात मत दिलं तर म्हणतील, क्षणिक आहे, साहेबांची खरी इच्छा आमच्याकडे आहे. बघा, कसं वाटते ते. आमच्या पिढ्यांचं सगळं असंच ठरलं. कुठं राहायचं, काय काम करायचं, कुठलं पाणी प्यायचं. यांना काय विचारायचं, म्हणून. आम्ही मोठ्या मेहनतीनं ते मोडून काढलं. तुम्ही ते मशीनमधून परत आणू नका."

 उमाळकरांनी सदस्यांना एकेकाला नावानं हाक मारून मत विचारलं. शेवटच्या माणसापर्यंत विचारलं, निकाल मधेच ठरून गेला होता तरी.

अनुमानित संमती स्थगित झाली. गुरुवारच्या सगळ्या मात्रा थांबल्या. ज्यांच्या सावल्यांनी हो म्हटलं होतं त्या प्रत्येकाला नव्यानं विचारायचं, दवाखान्याबाहेर विचारायचं, आणि ज्याच्या हातात रोग्याची कॉट किंवा बाटली आहे त्यानं विचारायचं नाही. नकाराचं कारण मागायचं नाही. ज्याला आपली सावली पुसून हवी असेल त्याची त्याच्या डोळ्यांदेखत पुसायची.

बाहेर व्हरांड्यात डॉ. बोबडेंनी तिला गाठलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. "या उशिरापायी कुणी दगावलं तर, तक्षशीलाताई?"

"तर ते आमच्यातलंच असंल, मॅडम. कदाचित मीच असंन. म्हणून तर आम्हाले विचारा."

पुढच्या महिन्यांत लालपेशीची माणसं गावोगाव फिरली, शाळांच्या ओट्यांवर, समाजमंदिरांत बसली. जे समोर आलं त्यानं सगळेच चक्रावले. सत्त्याण्णव टक्के खात्रीच्या माणसांपैकी कितीतरी जण पडून नव्हे, बसून बोलताना सरळ नाही म्हणाले. काहींनी घरच्यांशी बोलायला वेळ मागितला. ज्यांनी हो म्हटलं त्यांनी आधी असे प्रश्न विचारले, जे माहितीपत्रक लिहिणाऱ्यांच्या डोक्यातही आले नव्हते. मी मधेच सोडलं तर माझं सलाइन चालू राहील का? माझ्या पोटी मूल आलं तर त्याचं काय? काही बिघडलं तर सगळ्यात आधी कोणाला कळवाल, मला का तुमच्या साहेबांना? अंकुर उशिरा सुरू झाली, लहान झाली, पण सुरू झाली. वाट बघणाऱ्यांपैकी साकोलीकडचा एक तरुण मधल्या काळात गेला. तक्षशीला त्याच्या घरी जाऊन बसली. त्याच्या आईनं तिला दोष दिला नाही, आणि तेच तिला जास्त जड गेलं. तरी आपण चुकलो असं तिला वाटलं नाही. तिनं स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलं, आणि पुष्कळदा ती रडली.

नागसेनला सावलीच्या विभागातून काढलं. त्यानं तिच्यासमोर बसून तिची सावली पुसली.

तिला विचारायचं मात्र राहिलं होतं. नियमाप्रमाणे केंद्राकडून दुसरी एक बाई येणार होती. तक्षशीलेनं तिला परत पाठवलं आणि निरोप दिला, बाकीच्यांना कोणीही विचारू द्या, मले माझ्या भावानं विचारावं. त्याच्या हातात आता ना कॉट होती ना बाटली, त्यामुळे समितीनं हरकत घेतली नाही.

तो रविवारी सकाळी आला. त्या आठवड्यात तिचं खुब्याचं दुखणं पेटलं होतं. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, कमरेशी गरम पाण्याची पिशवी. तिला तसं बघून त्याचा चेहरा कसानुसा झाला.

"आज राहू दे का?" त्यानं विचारलं. "दुखत असताना विचारणं बरोबर नाही."

"हे शिकला का?" ती म्हणाली. "मी ठीक आहे. वाच."

त्यानं सगळं वाचून दाखवलं. कात्री, बटण, चुकीच्या जागी चालायची शक्यता, पुन्हा न जोडता येणारा तुकडा. ती मधे मधे थांबवत होती. काही प्रश्नांवर त्यानं उत्तर दिलं, काहींवर तो म्हणाला, "ते माहीत नाही, ताई." तो याआधी कधी इतक्या वेळा माहीत नाही म्हणाल्याचं तिला आठवत नव्हतं. शेवटी त्यानं कागद मांडीवर ठेवले आणि तिच्याकडे बघितलं.

"तक्षशीला मेश्राम, तू अंकुरमध्ये येशील का?"

त्याला काय हवं होतं ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तिनं हो म्हणावं म्हणून तो आतून हात जोडून बसला होता. बाबांच्या त्या वाक्यापासून आजपर्यंत असा चेहरा समोर आला की तिचं तोंड आपोआप उघडायचं आणि हो बाहेर पडायचं. खुब्यातून कळ उठली. तिनं ती जाऊ दिली.

"नाही," ती म्हणाली.

नागसेनचे ओठ हलले. काहीतरी म्हणायला तो पुढे झाला, छातीत श्वास भरला, आणि तो श्वास त्यानं तसाच सोडून दिला.

"बरं," तो म्हणाला.

त्यानं कागद गोळा करून पिशवीत ठेवले. का, म्हणून विचारलं नाही. पुन्हा विचार कर म्हणाला नाही. तिच्या अंगावरची चादर नीट केली आणि चहा टाकायला आत गेला. तक्षशीलेनं भिंतीकडे तोंड केलं. या घरात तिच्या नकाराला कुणी पहिल्यांदाच बरं म्हटलं होतं, आणि ते ऐकून तिला हुंदका आवरेना. आतून कपबशांचा आवाज येत राहिला. तो मुद्दाम उशीर लावतोय हे तिला कळलं.

चहा घेऊन आल्यावर तो पलंगाच्या कडेला बसला.

"ताई, पुन्हा विचारायला आलो तर चालेल?"

"ये की. विचारायला काय हरकत आहे?"

"कधी येऊ?"

"महिन्याभरानं ये." तिनं चहाचा घोट घेतला. "तेव्हा काय म्हणीन, ते मात्र मले माहीत नाही."

"मलेही नाही," नागसेन म्हणाला.